कोणता मोठा सुरा घेऊ? आधी बाभळीला विचार

लातूरच्या एका पोराने विचारलंय, वय चोवीस, मित्रांसोबत महिन्या-दोन महिन्याला कुठंतरी डोंगरात नाहीतर कुणाच्या शेतात मुक्कामाला जातो, चुलीला लाकूड तोडायला आणि फोडायला मोठा सुरा घ्यायचाय, घडीचा चाकू नको, बजेट चार हजार. दोन ठरवून ठेवलेत त्याने. एक १२ इंची स्टेनलेसचा, ६ मिमी जाड, पाठीवर करवतीसारखे दाते, मूठ पोकळ, तिच्या टोपणात होकायंत्र. दुसरा ७ इंची, कार्बन स्टीलचा, काळा, दिसायला एकदम गरीब. दोघांतला कोणता?

दुसरा. एवढंच हवं असेल तर इथं थांबलास तरी चालेल भावा, पण का ते कळलं तर पुढचे तीन सुरे चुकीचे घेणार नाहीस, मी घेतलेत म्हणून सांगतो. अंबाजोगाईच्या बाजूला बालाघाटात आमची कोरडवाहू जमीन आहे, बांधाला बाभळी, बोरी आणि नको तेवढी वेडी बाभूळ, पंचवीस वर्षं काटे तोडायलोय आणि मधल्या काळात कॉलेजच्या पोरांना घेऊन मुक्कामाची शिबिरं पण केलीत, त्यात दरवेळी एक तरी पोरगं असला बारा इंची घेऊन येतंच.

सगळे सुऱ्यापासून सुरुवात करतात, मी म्हणतो लाकडापासून कर. इंटरनेटवर जे व्हिडिओ असतात ना, सुरा ठेवला, वरून दोन ठोके मारले की ओंडका उमलल्यासारखा दोन फाका, ते लाकूड बहुतेक थंड मुलखातलं सरळ रेषेचं, मऊ, पाइनसारखं असतं. आपल्याकडं काय आहे? वाळलेली बाभूळ. ज्या लाकडाची बैलगाडीची चाकं आणि औतं बनायची ते लाकूड. ओलं असताना कोयत्याने पण तुटतं, पण एक उन्हाळा खाल्ला की घाव घातल्यावर ढलपी उडायच्या ऐवजी हाताला झिणझिण्या येतात. त्यात गाठी, वाकडी रेषा. बोर पण तशीच चिवट. सुबाभूळ मात्र सरळ, तिला फोडायला मजा येते, नव्या माणसाने तिच्यावरच हात बसवावा. कडुलिंब मधला, रेषा एकमेकीत अडकलेल्या असतात त्यामुळं तोडायला सोपा पण फोडायला चिडचिड. पळस, पांगारा पोकळ-पोकळ, सुरा आत शिरतो पण जळणाला काही दम नाही, नुसता धूर.

आणि खरं सांगू का, आपल्या भागात मुक्कामाला गेल्यावर अर्ध्या वेळा सुरा लागतच नाही. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं की तुराट्या नाहीतर पळाट्याची पेंढी मिळते, त्यावर चहा तर होतोच होतो, खिचडी पण होते. सुरा लागतो कधी? मनगटाएवढी वाळकी फांदी लांबीला आणायची असेल तेव्हा, पाऊस पडून गेल्यावर वरून ओल्या झालेल्या लाकडाच्या आतला कोरडा गाभा काढायचा असेल तेव्हा, आणि काटेरी फांद्या झाडून वाट नाहीतर तंबूची जागा करायची असेल तेव्हा. ही तीन कामं डोक्यात ठेव. मांडीएवढं खोड आडवं तोडणं हे सुऱ्याचं काम नाही, ते करवतीचं आणि कुऱ्हाडीचं, आणि जो सुरा त्यासाठी घेतला जातो तो बाकी तिन्ही कामाला नालायक निघतो.

आता लांबी. फोडायच्या कामाला हिशोब सोपा आहे, लाकडाच्या जाडीपेक्षा पातं दोन-तीन इंच जास्त पाहिजे, कारण पातं आत गेल्यावर ठोकायला टोक बाहेर राहिलं पाहिजे. आपण चुलीसाठी चार इंचापेक्षा जाड लाकूड सुऱ्याने फोडतच नाही, म्हणजे ७ इंच पुरतं. घाव घालायच्या कामाला लांबी कामाची, कारण टोकाला वेग जास्त मिळतो आणि घावाची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ९-१० इंची सुरा वजनात थोडाच जास्त असून तोडायला एकदम वेगळा लागतो. काट्यात काम असेल तर आणखी एक फायदा, हात काट्यापासून लांब राहतो, वेडी बाभळीचा काटा मोडून आत राहिला की आठवडाभर बोट सुजतं ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. पण दहाच्या पुढं गेलास की बारीक काम संपलं, आणि जमिनीवर बसून घाव घालताना टोक खाली मातीत, दगडात जायला लागतं. बालाघाटात मातीपेक्षा दगडच जास्त. म्हणून माझं मत, एकच घ्यायचा तर ७ ते ९, दोन हत्यारं नेणार असशील तर मोठा ९-१० चालेल. बारा नको.

जाडीचं तर इतकं खूळ आहे लोकांच्या डोक्यात की विचारू नको. ६ मिमी, ७ मिमी, एकाने मला ८ मिमी दाखवला, म्हटलं ही पहार आहे. जाड म्हणजे मजबूत हे अर्धंच खरं. बाहेरच्या देशात ज्यांचं लाकूडकामाला नाव आहे ते सुरे बघ, का-बारचा बेकर बीके ९, पातं ९ इंच, जाडी साधारण ४.८ मिमी. ईएसईईचा जंगलास, पातं दहा इंचाच्या वर, जाडी तीच. म्हणजे दहा इंची सुऱ्याला पण त्या लोकांनी पाच मिमीच्या आत भागवलंय. ते इकडं मागवायला परवडत नाहीत ते सोड, पण माप घे त्यांचं.

जाडीपेक्षा महत्त्वाचा आहे उतार. पाठीपासून धारेपर्यंत पातं कसं निमुळतं होत येतंय ते. सुरा टोकाकडून डोळ्यासमोर धर, जसं सुतार फळी सरळ आहे का बघतो तसं. पाठीपासून धारेपर्यंत सरळ पाचरीसारखा उतार असेल, किंवा किंचित फुगीर, बोराच्या बीच्या कडेसारखा, तर घे. पण पातं अर्ध्यापर्यंत सपाट जाड आणि मग खाली एकदम छोटा तीव्र उतार असेल तर ते फक्त दिसायला दणकट, लाकडात अर्धा इंच जाऊन अडकून बसणार. आणि दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेला असेल, वस्तऱ्यासारखा, तर दाढी कर त्याने, बाभूळ नको, धार तिथं पातळ असते आणि गाठीत तुकडा निघतो. दुकानदाराकडं व्हर्नियर असेल तर धार जिथून सुरू होते त्याच्या लगेच वर जाडी मोजून बघ, एक मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडी कमी असली तर तो लाकडाचा सुरा. दीड-दोन निघाली तर पाचर आहे, ठोकून लाकूड फुटेल पण तुटणार नाही. धारेचा कोन दोन्ही बाजू धरून ४० ते ५० अंश, ओल्या लाकडाला चाळीसकडं, वाळक्या बाभळीला पन्नासकडं. दाढीसारखी बारीक धार काढून बाभळीवर मारलीस तर पहिल्या पाच घावात दाते पडतील आणि मग सुऱ्याला शिव्या देत बसशील.

पाठीवरच्या करवतीच्या दात्यांचं एका ओळीत सांगतो. लाकूड कापत नाहीत, आणि पाठीवर दंडुक्याने ठोकायला गेलं की दंडुक्याचा भुगा करतात.

आता माझ्या मोडलेल्या सुऱ्याची गोष्ट, कारण तुझ्या यादीतला पहिला नंबर म्हणजे त्याचाच चुलतभाऊ आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील, एका शहरातल्या दुकानातून घेतला होता, पोकळ मूठ, टोपणात होकायंत्र, मुठीच्या आत काड्यापेटी आणि मासे धरायचा गळ पण होता, आमच्याकडं पाझर तलावात फेब्रुवारीनंतर पाणीच नसतं तरी. डिसेंबरात शिबिर होतं, पहाटेची थंडी, पोरं कुडकुडायलीत, मी मोठ्या ऐटीत बाभळीचा एक टोणपा उभा केला, त्यावर पातं ठेवलं, वरून लाकडी मोगरीने ठोकायला लागलो. चौथ्या ठोक्याला पातं गाठीवर टेकलं. पाचव्याला एक बारीक कडकन आवाज, आणि माझ्या हातात नुसती मूठ. पातं लाकडात उभंच. वाईट म्हणजे मी मुठीवर खाली जोर दिलेला होता त्यामुळं हात सरळ खाली आला आणि लाकडात अडकलेल्या पात्याच्या मोडक्या बुडावर अंगठ्याचा मागचा भाग फाटला, तीन टाके. नंतर बघितलं तर पात्याचं लोखंड मुठीत फक्त दीड इंच गेलेलं, तिथं एका खिळ्यावर अडकवलेलं. बारा इंचाचा सगळा जोर त्या दीड इंचावर. मोडणारच की.

म्हणून मुठीचा नियम हा की पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत, पूर्ण रुंदीचं, एकसलग गेलेलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी मूठ बसवलेली आणि मधून लोखंडाची कड डोळ्यानं दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दुकानदार काहीही शपथ घेवो, लाकूड फोडायला घेऊ नको. मूठ हातात धरल्यावर शेवटाला थोडी खाली वळलेली हवी म्हणजे घामाने सुरा निसटून पुढं जात नाही, एप्रिलमध्ये आपल्याकडं हाताला घाम किती येतो तुला सांगायला नको. कडक प्लास्टिकपेक्षा रबरासारखी किंवा मायकार्टाची (कापडाचे थर राळेत दाबून केलेली) बरी, आणि लाकडाची असेल तर धावड्याची मूठ मिळाली तर सोडू नको, जुने लोक कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचाच करायचे ते उगंच नाही, चिवट असतं आणि ठोक्याने फुटत नाही. बोटांसाठी खोल खाचा केलेल्या मुठी टाळ, त्या ज्याने बनवल्या त्याच्याच हाताला बसतात.

तोल बघायचा असेल तर सुरा एका बोटावर आडवा तोलून बघ. मुठीच्या पुढं दोन-तीन बोटं तोल आला तर तोडायला चांगला, पुढं ओढतो. मुठीतच तोल असेल तर बारीक कामाला छान पण घावाला सगळी ताकद तुझी. ७ इंचीला वजन चारशे-साडेचारशे ग्रॅम, ९-१० इंचीला पाचशे ते सातशे ग्रॅम, याच्या वर गेलं की वीस मिनिटांनी मनगट बोलायला लागतं, आणि दमलेल्या हातात धारेचं हत्यार म्हणजे काय ते वरच्या तीन टाक्यांवरून समज.

स्टीलचं मी थोडं रवंथ करणार आहे, कंटाळा आला तर पुढं जा. मोठ्या सुऱ्याला धार टिकण्यापेक्षा न तुटणं महत्त्वाचं. छोट्या चाकूला उलटं. म्हणून ज्या स्टीलचं छोट्या चाकूत कौतुक होतं ते मोठ्यात फसतं. डी२ बघ, ऑनलाइन आजकाल सगळीकडं तेच, कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा टक्के, धार भारी टिकते, पण गाठीवर आपटलं की चांदीच्या कणासारखा तुकडा निघतो. त्यापेक्षा साधी कार्बन स्टीलं, १०७५, १०९५, किंवा ५१६०, जे गाडीच्या पाट्याचं स्टील म्हणून ओळखलं जातं, त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के, मार खाऊन परत जागेवर येतं. गंजतात, पण आपल्या कोरड्या हवेत पावसाळा सोडला तर गंजाचं एवढं भ्यायचं कारण नाही, आपण काय कोकणात राहत नाही. नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलेलं असेल, ग्रेड नसेल, तर सोडून दे. कडकपणा रॉकवेल मापात ५६ ते ५८. त्याच्या बऱ्यापैकी खाली गेलं की धार लोळते, साठच्या वर गेलं की तुटते.

आणि इथं मी तुला तिसरा पर्याय देणार आहे जो तू विचारला नाहीस. लोहाराकडून करून घे. आपल्या भागात ट्रकचे पाटे दुरुस्त करणारे रस्त्याला ठिकठिकाणी आहेत, त्यांच्याकडं नवीन पाट्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात ते घे. जुना, चाललेला पाटा नको, लाखो खड्डे खाऊन आत बारीक चिरा गेलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत आणि नेमक्या पाणी पाजताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करताना, उघडतात. ट्रकचा पाटा जाड असतो, लोहाराला खूप ठोकावा लागतो, जीपचा मिळाला तर काम हलकं.

माझा आत्ताचा सुरा असाच झालाय. आमच्या गावच्या बाजारात बसणारे एक मामा आहेत, सत्तरीचे, भाता आता विजेचा आलाय पण ऐरण वडलांच्या वेळची. त्यांनी दोन तासात ठोकून आकार काढला, मग मी कानशीने तीन दिवस घासून उतार आणला, हाताला फोड आले. पाणी पाजायच्या दिवशी मी शहाणपणा केला. कुठंतरी वाचलेलं की पोलाद चुंबकाला चिकटायचं बंद झालं, म्हणजे ७७० अंशाच्या आसपास, की अजून थोडं तापवून बुडवायचं, म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून घेऊन गेलो. मामा हसून हसून बेजार. "चुंबकाला इचारून पानी पाजायलास का रं?" त्यांनी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भट्टी ठेवलीय ती त्यासाठीच, उजेडात रंग कळत नाही. पातं पिकल्या बोरासारखं लाल झालं तसं ते म्हणाले आता, मी चुंबक लावलं, नाही चिकटलं. पन्नास वर्षांची नजर आणि स्पीकरचं चुंबक एकाच ठिकाणी आले.

पण मी म्हटलं पाण्यात बुडवू, पूर्ण. मामा म्हणाले पाण्यात घालायचं तर नुसती धार घाल, बोटभर, आणि अंगातली गरमी परत धारेत येऊ दे, कोयत्याला आम्ही तसंच करतो. मी ऐकलं नाही. आख्खं पातं पाण्यात. टण् असा आवाज आला, घागर तडकल्यासारखा, आणि धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर. तीन दिवसांची कानस पाण्यात. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी चहा सांगितला. दुसरं पातं केलं तेव्हा गरम केलेल्या गोडेतेलात बुडवलं, पाट्याच्या स्टीलला तेलच बरं, सावकाश थंड होतं, चीर जात नाही. त्यानंतर ते इतकं कडक होतं की खाली पडलं तर काचेसारखं फुटेल, म्हणून परत मंद तापवून थोडं नरम करावं लागतं, दोनशे अंशाच्या थोडं वर, दोन तास, दोनदा. आमच्या तालुक्याच्या बेकरीवाल्याने पावाच्या भट्टीत ठेवू दिलं. पातं बाहेर आलं तेव्हा गव्हाच्या काडाचा रंग चढला होता, तोच रंग पाहिजे. निळं झालं असतं तर समजायचं जास्त तापलं, धार टिकणार नाही, पाठीला निळा चालतो.

लोहाराने दिलेला सुरा बरोबर झालाय का हे घरी बघता येतं. नवी बारीक कानस धारेवर हलक्या हाताने ओढ. लोण्यासारखी खायला लागली तर कच्चा राहिलाय. काचेवरून घसरल्यासारखी नुसती घसरली तर जास्त कडक, अजून नरम कर. धरून धरून थोडीशी चावली तर बरोबर. दुसरी परीक्षा पितळेच्या सळईवर, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, धार तिच्यावर तिरकी दाबायची म्हणजे दाबाखाली धार जराशी वाकताना दिसते, सोडल्यावर सरळ झाली तर पास, वाकडी राहिली तर मऊ, तुकडा निघाला तर कडक. सगळा मिळून खर्च मला हजाराच्या आत आला, बेकरीवाल्याने पैसे घेतले नाहीत, मीच दोन किलो तूर डाळ दिली.

"मग सरळ ऊसतोडीचा कोयताच का नको" असं कोणीतरी म्हणणारच, विशेषतः बीडकडचं. कोयत्याबद्दल मला आदर आहे, आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला हजारो घरं त्याच्या जोरावर कारखान्याला जातात, नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्याला 'अर्धा कोयता', एवढं ते हत्यार माणसाशी जोडलं गेलंय. पण तो उसासाठी आहे. ऊस म्हणजे पाणी. पातं पातळ, पुढं वळलेलं, बुडाशी तोडायला आणि वाढे छाटायला एक नंबर, ओल्या बारक्या फांद्यांना पण मस्त. वाळक्या बाभळीवर मार, धार दुमडते. आणि ठोकून फोडायला तर नाहीच, पात्याची शेपटी मुठीत नुसती ठोकलेली असते, दोन दिवसात ढिली. काटेरी झाडझुडूप साफ करायचं काम जास्त असेल तर मात्र कोयताच घे, सुऱ्यापेक्षा बरा, दोनशे-तीनशेत मिळतो.

वापरायचं थोडक्यात, कारण चांगला सुरा चुकीच्या हातात मोडतो. फोडताना खाली दुसरा ओंडका ठेव, दगड नाही, जमीन नाही. ओंडक्याचा वरचा भाग नीट बघ, वाळल्यामुळं पडलेली चीर दिसेल, पातं त्या चिरेच्या रेषेत ठेव, मधोमध नाही ठेवलंस तरी चालेल, गाठ असेल तर गाठ चुकवून कडेने एकेक फळी काढत जा. पहिला ठोका हलका, फक्त पातं बसायला. मग दंडुका पाठीवर सरळ, मूठ पात्याच्या पातळीतच राहिली पाहिजे, मूठ खाली झुकली की सगळा ताण मुठीच्या सांध्यावर येतो, मी तेच केलं होतं. पातं पूर्ण आत गेलं की बाहेर आलेल्या टोकावर ठोक. अडकलं तर पिळायचं नाही, बाभळीचीच एक छोटी पाचर करून शेजारी ठोक, चीर उघडते आणि पातं आपोआप सुटतं. दंडुका सुबाभळीचा घे, बाभळीचा नको.

घाव घालताना सरळ नाही, तिरका, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, खाच जेवढी खोल तेवढीच रुंद होत गेली पाहिजे. गुडघ्यावर बसून कर म्हणजे चुकलेला घाव जमिनीत जातो, नडगीत नाही. हात लांब करून सुऱ्यासकट गोल फिरून बघ, त्या गोलात कुणी नको, मोबाइलवर शूटिंग करणारं तर अजिबात नको. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलंय ते आठवून ठेव. कापलंच तर स्वच्छ कापड दाबून धर, दहा मिनिटं, मधून मधून उचलून बघायचं नाही, हळद-चुना काही भरायचं नाही.

निगा काही अवघड नाही. काम झालं की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरव. करडईचं तेल लावू नको, आपल्या घरात तेच असतं म्हणून मी पहिलं वर्ष तेच लावलं, ते वाळून चिकट थर धरतं, म्यानात सुरा अडकून बसला होता. पण वाळण्याचा तोच गुण मुठीला चांगला, लाकडाच्या मुठीला जवसाचं कच्चं तेल चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन दिवस वाळवून, पाणी धरत नाही मग. तेल लावलेल्या चिंध्या मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळव. पातं नवीन असताना चिंचेचा घट्ट कोळ अर्धा तास लावून ठेवलास तर करडा-काळा रंग धरतो, त्यावर गंज कमी चढतो. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नको, चामडं ओल धरतं.

कायद्याचं सांगितलं नाही तर उद्या मलाच फोन करशील. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली वगळून. आता १२ इंची, काळा, पाठीला दाते आणि डब्यावर कमांडोचं चित्र असलेला सुरा शेतीसाठी बनवलाय हे नाक्यावर पोलिसाला समजावून सांगायची तुझी तयारी असेल तर घे बाबा. सण, निवडणुका असल्या की पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यार बाळगायला बंदी लागते, तेव्हा घरीच ठेव. एरवी पण कमरेला लटकवून गावातून फिरायचं नाही, पोत्यात गुंडाळून बॅगेच्या तळाला. गौताळा, येडशी रामलिंग, नायगाव मयूर अशा अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही आणि आगीबद्दल पण बंधन आहे, तिथं सुरा पण नाही आणि चूल पण नाही. शेतात मुक्काम असेल तर मालकाला विचारून फक्त वाळकं, पडलेलं लाकूड. आणि जानेवारीनंतर डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, चुलीभोवती चार हात जागा साफ केल्याशिवाय काडी ओढू नको, बालाघाटात वणवा लागला की दोन-दोन दिवस विझत नाही.

तर तुझ्या चार हजारांचं मी असं करीन. ७ इंचीवाला घे, पण आधी दुकानात नाहीतर फोटोत मुठीची कड बघ, लोखंड शेवटपर्यंत दिसलं पाहिजे. उरलेल्यातून एक चांगली घडीची करवत, सात-आठ इंची, ती आडव्या कापायला सुऱ्याच्या चौपट वेगाने चालते आणि आवाज करत नाही. आणि भाजी चिरायला, काड्या तासायला चार इंची साधा पातळ चाकू. मोठ्या सुऱ्याने कांदा चिरायला जाऊ नको, पोरं हसतात. लोहाराकडून करून घ्यायचं ठरवलंस तर महिनाभर घाई करू नको, मामांसारखे लोक पेरणीच्या तोंडावर खुरप्या-विळ्यात बुडालेले असतात, दिवाळीनंतर जा, आणि जाताना चहापत्ती-साखर घेऊन जा.

होकायंत्राचं राहिलंच. लोखंडी सुऱ्याच्या बुडाशी बसवलेलं होकायंत्र त्या सुऱ्याचंच ऐकतं, उत्तरेचं नाही. माझा मोडला त्याचं टोपण पोरीने खेळायला घेतलं होतं, पात्यापासून सुटल्यापासून ते बरोबर उत्तर दाखवायला लागलं.